सेवासदनाचा विसरलेला धडा

ज्या स्त्रीचे दर्शन झाले म्हणून प्रवासाला निघालेला मनुष्य उंबरठ्यावरून माघारी फिरत असे, तिच्याच हाती पुढे आपल्या समाजाने आपल्या बाळंतिणी सोपविल्या. गेल्या दीडशे वर्षांतील मराठी समाजाच्या इतिहासात याहून मोठा पालट क्वचितच झाला असेल. परंतु तो कोणत्याही लढाईने अथवा कायद्याने झाला नसल्यामुळे आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला फारशी जागा मिळाली नाही. विधवा स्त्री परिचारिका झाली, सुईण झाली, शिक्षिका झाली, आणि तिच्यामुळे सधवेचे बाळंतपण सुखरूप झाले. हा पालट कसा घडला आणि आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनी त्यातून आज काय घ्यावे, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एकोणिसाव्या शतकातील मराठी घरातील बाळंतिणीची खोली डोळ्यांसमोर आणावी. घरातील सर्वांत अंधारी, वारा न शिरणारी खोली तिच्या वाट्याला येई. कोपऱ्यात शेगडी, तिचा धूर, दारावर जाड पडदा, आणि दहा दिवसांचे सोयर. या विटाळामुळे घरातील इतर स्त्रिया शक्यतो दूर राहात. नाळ कापणारी सुईण बहुधा अशा जातीतील असे, की जिला एरवी माजघरात पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. तिच्या अनुभवावर घराण्याचा वंश चाले, परंतु तिचे नाव कोणी विचारीत नसे. तिच्या हाताला गुण असे, मात्र हत्यार उकळून घ्यावे ही गोष्ट तिला सांगणारे कोणी नव्हते. मूल पाच-सहा दिवसांचे झाले की सटवाईची पूजा होई, आणि त्याच सुमारास धनुर्वाताने मूल गेले तर तो सटवाईचा लेख समजला जाई.

याच घराच्या दुसऱ्या कोपऱ्यात केशवपन झालेली विधवा असे. बाळंतिणीचा काढा तीच उकळी, डिंकाचे लाडू तीच वळी, पण बारशाच्या वेळी पुढे येण्याचा अधिकार तिला नसे. तिच्यावर कोणाचा हात पडला आणि ती गरोदर राहिली, तर मात्र तिच्यासमोर विहीर किंवा गर्भपात एवढे दोनच मार्ग उरत. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले ते याच स्त्रियांसाठी. गुप्तपणे यावे, सुरक्षितपणे बाळंत व्हावे, मूल हवे तर न्यावे, नको तर ठेवून जावे, असे ते गृह होते. मराठी समाजात स्त्रीच्या आरोग्यासाठी समाजातीलच माणसांनी चालविलेला हा फार आरंभीचा उपक्रम म्हटला पाहिजे. अशाच एका विधवेचा मुलगा फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतला. हा यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात तो रुग्णांवर उपचार करीत असता त्याच्या बरोबरीने सावित्रीबाई राबल्या आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढची पायरी स्त्री-डॉक्टरांच्या मागणीची. १८८२ साली हंटर आयोगापुढे साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी स्त्री-शिक्षिकांबरोबरच स्त्री-डॉक्टरांची निकड सांगितली. परपुरुषाला नाडी दाखविण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या स्त्रिया घरोघरी असताना ही मागणी कोणालाही पटण्यासारखी होती. पुढच्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या. चौदाव्या वर्षी झालेले स्वतःचे मूल दहा दिवसांत गमावल्याचे दुःख त्यांच्या या निश्चयामागे होते. १८८६ साली त्या पदवी घेऊन परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती, परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, क्षयाने त्या गेल्या. याच सुमारास, १८८५ मध्ये, लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी उभा राहिला, आणि १८८६ मध्ये मुंबईत केवळ स्त्रिया व मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले.

इमारती झाल्या, खाटा मांडल्या गेल्या, शिकलेल्या डॉक्टरही आल्या. प्रश्न पुढे उभा राहिला तो असा, की रुग्ण येईनात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या गुजरातमधीलच आहे. डॉ. रखमाबाई हे नाव आपल्याला दादाजी भिकाजी यांच्या खटल्यामुळे ठाऊक असते. बालपणी झालेला विवाह आपल्याला बंधनकारक नाही, हे त्यांनी १८८४ पासून चाललेल्या त्या खटल्यात ठामपणे सांगितले. नवऱ्याच्या घरी जाण्यापेक्षा तुरुंगात जाण्याची तयारी दाखविली. १८८८ साली तडजोड होऊन त्या मोकळ्या झाल्या. पुढील वर्षी त्या विलायतेस गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या, आणि परत आल्यावर १८९५ पासून दोन दशकांहून अधिक काळ सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात त्यांनी काम केले. पुढे राजकोटलाही त्यांनी सेवा केली. खटल्याची चर्चा पुष्कळ झाली, या सेवेची मात्र फारच थोडी. एका मराठी स्त्रीचे जवळजवळ सारे कर्तृत्व गुजरातच्या भूमीत घडले, ही गोष्ट आपण इथल्या मराठी लोकांनी तरी अभिमानाने सांगावयास हवी.

रखमाबाई सुरतेस आल्या तेव्हा बाळंतपणासाठी रुग्णालयात जाणे हे अपशकुनाचे समजले जाई. तिथे गेलेली बाई जिवंत परत येत नाही, असा समज होता. म्हणून रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणून ठेवली, ती सुखरूप व्याली, आणि ते पाहून बायकांची भीती चेपली, अशी हकीकत सांगितली जाते. हकीकत हसू आणणारी आहे खरी, परंतु तिच्यातील शहाणपण मोठे आहे. लंडनची पदवी भिंतीवर टांगून विश्वास मिळत नाही, तो बायकांना कळेल अशा भाषेत मिळवावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या दादाजींना त्यांनी आयुष्यभर पती मानले नाही, ते १९०४ मध्ये वारले तेव्हा रखमाबाईंनी विधवेचा पांढरा वेष स्वीकारला. त्यामागील त्यांचे मन आपल्याला कळणार नाही. परंतु त्या पांढऱ्या लुगड्यातील डॉक्टरच्या हातूनच त्यानंतरची कितीतरी वर्षे सुरत-राजकोटच्या लेकीसुना बाळंत झाल्या, आणि तो हात कोणी अशुभ मानला नाही.

एका व्यक्तीने जे सुरतेत केले, ते संस्थेच्या रूपाने पुण्यात घडविले रमाबाई रानडे यांनी. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली निवर्तले तेव्हा रमाबाई चाळिशीच्याही आत होत्या. काही काळ एकांतात काढल्यावर त्या पुन्हा बाहेर पडल्या. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना त्या भेटू लागल्या, रुग्णालयांत जाऊन आजाऱ्यांची विचारपूस करू लागल्या. १९०८ मध्ये मुंबईत बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांच्या पुढाकाराने सेवासदन निघाले, त्याचे अध्यक्षपद रमाबाईंकडे आले. १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन त्यांच्या स्वतःच्याच वाड्यात सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे त्या कामातील त्यांचे खंदे सहकारी होते.

पहिली शाळा वाड्याच्या ओसरीवर भरली, यात मोठा अर्थ आहे. सुनेला शाळेत धाडावयास न धजणारी सासू तिला रानडे यांच्या घरी धाडावयास कचरत नसे. बाहेर जाणे आणि ओळखीच्या घरी जाणे यांतील अंतर तेव्हाची प्रत्येक स्त्री जाणत होती. शिवण, वाचन, हिशेब अशा निरुपद्रवी दिसणाऱ्या वर्गांनी आरंभ झाला. वर्गात आलेली बाई इतर बायकांशी बोलू लागली, आपले दुखणे सांगू लागली. तिथून प्रथमोपचार, घरातील आजाऱ्याची शुश्रूषा, आणि पुढे ससून रुग्णालयात परिचारिका व सुईण म्हणून शिक्षण, अशा पायऱ्या चढल्या गेल्या.

शेवटची पायरी सर्वांत अवघड होती. परिचारिकेचे काम त्या काळी हलके समजले जाई. परक्या पुरुषांची शुश्रूषा, रक्त, मलमूत्र, कोणत्याही जातीच्या रुग्णाला स्पर्श, आणि रात्रपाळी. पांढरपेशा घरातील मुलगी या कामाला देणे म्हणजे कुळाला बट्टा. मग ते करावयास पुढे आले कोण? ज्यांना गमावण्यासारखे काही उरले नव्हते त्या, म्हणजे बालविधवा आणि टाकलेल्या स्त्रिया. घराला त्या भार वाटत होत्या, म्हणूनच घराने त्यांना जाऊ दिले. ही गोष्ट गोड करून सांगण्यात अर्थ नाही. समाजाने आपले सर्वांत मोलाचे काम आपण टाकून दिलेल्या माणसांच्या पदरात टाकले, आणि त्यांनी ते सोने करून दाखविले.

सेवासदनाच्या संदर्भात एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. वार्षिक समारंभात एक विद्यार्थिनी बक्षीस घेण्यासाठी पुढे आली. विधवेचा तो जुना वेष पाहून श्रोत्यांतील तरुण विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो केली. तेव्हा एरवी मृदू बोलणाऱ्या रमाबाईंनी त्या सुशिक्षित तरुणांची खरमरीत कानउघाडणी केली, आणि तुमच्या घरात अशी एखादी बहीण, आत्या किंवा आई नाही काय, या अर्थाचा प्रश्न केला. सभा निमूट झाली. या प्रसंगात हसणारे लोक कीर्तनकार वा भिक्षुक नव्हते, महाविद्यालयात शिकणारे होते, हे विसरता कामा नये. शिक्षणाने डोक्यावरची पगडी बदलते, डोक्यातील शकुन-अपशकुन तेवढ्याने जातातच असे नाही.

१९२४ साली रमाबाई गेल्या तेव्हा सेवासदनाच्या विविध विभागांत हजाराहून अधिक स्त्रिया शिकत होत्या. शिकून बाहेर पडलेली प्रत्येक बाई आपल्या गावात, आपल्या नात्यागोत्यात परतली की तिच्याबरोबर उकळलेल्या पाण्याचे, स्वच्छ नाळ कापण्याचे, बाळंतिणीच्या खोलीची खिडकी उघडण्याचे ज्ञान जाई. शिवाय ती महिना पगार मिळवीत असे. घरातील जी व्यक्ती कालपर्यंत दुसऱ्याच्या ताटातील उरलेले खात होती, तिच्या मनिऑर्डरची आज वाट पाहिली जाऊ लागली. आत्मविश्वास हा शब्द आज व्याख्यानांतून स्वस्त झाला आहे. त्या स्त्रियांना तो स्वतःच्या कमाईतून आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यातून मिळाला होता.

आता आपल्या बडोद्याकडे वळू. रावपुऱ्यातील चिमणाबाई टॉवरखालून आपण रोज जातो. १८९६ मध्ये बांधलेला हा मनोरा सयाजीराव महाराजांच्या प्रथम पत्नीच्या स्मरणार्थ आहे, आणि त्या महाराणी १८८५ साली ऐन तारुण्यात क्षयाने गेल्या, हे कितीजणांच्या ध्यानी असते? राजवाड्यातील स्त्रीची ही कथा, तर दांडिया बाजारातील कारकुनाच्या घरातील सुनेची काय असेल! त्यानंतर राणीपदी आलेल्या दुसऱ्या चिमणाबाई यांचे माहेर देवासचे, म्हणजे माळव्यातील मराठी वस्तीचे. पडद्यात वाढलेल्या या राणीने पुढे पडदा टाकला, १९११ साली भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत सहलेखनाने पुस्तक प्रसिद्ध केले, आणि १९१४ मध्ये बडोद्यात त्यांच्या नावाचे स्त्री उद्योगालय सुरू झाले. हाताला काम देऊन बाईला स्वतःच्या पायावर उभे करणे हा त्यामागील हेतू सेवासदनाच्या हेतूशी जुळणारा होता. जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्षस्थान याच चिमणाबाईंनी भूषविले. पुढे १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि हंसाबेन मेहता त्याच्या कुलगुरू झाल्या, तेव्हा आहार, बालसंगोपन व गृहव्यवस्था हे विषय गृहविज्ञान म्हणून विद्यापीठात प्रतिष्ठेने शिकविले जाऊ लागले. ओसरीवरील शिकवणीला विद्यापीठाचे दार उघडले, असे म्हणण्यास हरकत नाही.

दरम्यान हे काम हळूहळू सरकारकडे गेले. १९२९ साली मुंबई इलाख्यात गिरणी कामगार स्त्रियांसाठी प्रसूतीलाभाचा कायदा झाला. त्या मागणीला डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात पाठिंबा दिला होता. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाड्या निघाल्या, २००५ नंतर गावोगावी आशा कार्यकर्त्या आल्या. सरकारी सेवेत आमचे आयुष्य गेले असल्याने या योजनांचे मोल आम्ही कमी लेखणार नाही. त्यांची पोच कोणत्याही सेवासदनापेक्षा कितीतरी मोठी आहे. तथापि एक गोष्ट आम्ही नोकरीच्या काळात वारंवार पाहिली. लोखंडाच्या गोळ्या वाटल्याची नोंद नोंदवहीत व्यवस्थित असे, आणि गोळ्या घरोघरच्या फळीवर तशाच पडलेल्या असत. जिथे कार्यकर्ती गावातलीच, चार घरांत उठबस असणारी असे, तिथे मात्र गोळी पोटात जाई. नोंदवही सरकार पुरवू शकते. घरोबा कोणत्याही निविदेतून मिळत नाही. तो समाजानेच आणावा लागतो.

आणि नेमके हेच काम आपल्या समाजाने सरकारवर सोपवून सोडून दिले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत गुजरातमधील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ६५ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. देशाचे प्रमाण ५७ टक्के होते. हे आकडे दूरच्या पाड्यांवरचे आहेत, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेले खाण्याची रीत अजून आपल्या घरांतूनही गेलेली नाही. त्यात आपली जुनी घराणी आता ओसरू लागली आहेत. मुले पुण्याला, बंगळूरला, परदेशी. वाड्याच्या जागी सदनिका झाली, आणि त्या सदनिकेत पंच्याहत्तरीची एकटी बाई. बायका नवऱ्यापेक्षा वयाने लहान आणि आयुष्याने अधिक, म्हणून त्या एकट्या राहणाऱ्यांत विधवाच बहुसंख्य असणार, हे सांगण्यास सर्वेक्षण नको. तिचा रक्तदाब कोण पाहतो? छातीतील गाठ ती कोणाला सांगते? मुलाला फोनवर तर नक्कीच सांगत नाही.

आमच्या मंडळांच्या महिला शाखा निष्क्रिय आहेत असे मुळीच नाही. बायका हटकून जमतील असा त्यांचा वर्षातील एक प्रसंग म्हणजे संक्रांतीचे हळदीकुंकू. अलीकडे त्याला जोडून आहारतज्ज्ञांचे व्याख्यान किंवा रक्ततपासणी ठेवण्याची चाल पडली आहे, ती फार चांगली आहे. परंतु निमंत्रणपत्रिकेवर शब्द असतो 'सुवासिनी'. म्हणजे ज्या बाईला तपासणीची, ओळखीच्या चार माणसांची सर्वांत अधिक गरज, तीच या यादीत नाही. तिला कोणी येऊ नका म्हणत नाही, आणि तीही आपण होऊन येत नाही. ही निमूट रीत आपण इतकी सरावाने पाळतो की ती आपल्याला दिसेनाशी झाली आहे. सेवासदनाचा आरंभ जिच्यापासून झाला, तिलाच वगळून आपण आज स्त्री-आरोग्याचा कार्यक्रम करतो.

कोणी म्हणेल की हा धर्माचा भाग आहे, त्यात मंडळाने हात घालू नये. हळदीकुंकू हे सौभाग्याचे व्रत आहे आणि ते ज्यांना आपल्या घरी परंपरेने करावयाचे त्यांनी अवश्य करावे. परंतु मंडळाचा कार्यक्रम हा वर्गणीवर चालतो, आणि वर्गणी घेताना आपण सौभाग्य विचारीत नाही. शिवाय या रिवाजाला हात लावण्याचे धैर्य खेड्यांनी आपल्याआधी दाखविले आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. शंभर-दीडशे वर्षे सुशिक्षितपणा मिरविणाऱ्या आपल्या शहरी मंडळांनी शिरोळ तालुक्यातील एका गावापासून शिकण्यात कमीपणा मानू नये.

आमची सूचना साधी आहे. पत्रिकेवर 'समस्त भगिनी' असे छापावे, आणि छापून थांबू नये, कारण छापील निमंत्रणाने ही बाई येणार नाही. शाखेतील प्रत्येकीने आपल्या ओळखीच्या एकीला घरी जाऊन, हात धरून आणावे. तिळगूळ आणि वाण सर्वांना सारखे द्यावे. तपासणीत ज्यांच्यात काही दोष निघेल त्यांची यादी करून, महिन्याभरात त्यांच्यापैकी प्रत्येकीबरोबर कोणीतरी दवाखान्यात जाईल अशी वाटणी करावी. सोबत नाही म्हणून तपासणी टाळणाऱ्या बायका औषधाला पैसे नाहीत म्हणून टाळणाऱ्यांपेक्षा आपल्या वस्तीत बहुधा अधिक निघतील. या कामाला देणगीदार नको, इमारत नको, मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन तर नकोच.

रमाबाईंच्या काळी विधवेला घराबाहेर काढणे हे धाडस होते, कारण समाज तिला कोंडून ठेवीत होता. आज तिला कोणी कोंडलेले नाही. ती आपल्या सदनिकेत, आपल्या निवृत्तिवेतनावर, दाराला आतून कडी लावून बसली आहे. ती कडी तिने काढावी यासाठी बाहेरून कोणीतरी दार वाजवावे लागेल, आणि ते ओळखीच्या माणसानेच वाजवावे लागेल.